बापाचा हात

बस. स्टुलावर नको, त्याचा एक पाय लंगडा आहे. त्या खोक्यावर बस. सरस वितळायला अजून वेळ आहे, आणि अर्धकच्च्या सरसाने कातडं डकवलं की दुसऱ्या दिवशी ते रुसून सुटतं. तेवढ्या वेळात तुला एक गोष्ट सांगते. दिवा जरा इकडे सरकव. सांगताना मला तुझं तोंड दिसायला हवं.

काल तू तुझ्या बापाला म्हणालीस, नोकरी सोडते, मला कारखान्यात बसायचंय, हेच वाद्यं घडवायचं काम शिकायचंय. त्याने उजव्या हाताने चहाचा कप उचलला, एक घोट घेतला आणि म्हणाला, "आत्याला विचार." तुला वाटलं, नाराज झाला. नाराज नाही झाला गं. ही गोष्ट त्याच्या तोंडून निघत नाही, एवढंच. माझ्या निघते. माझं तोंड लहानपणापासूनच सैल.

तू तेव्हा जेमतेम शाळेत जायला लागली होतीस. तुझे आजोबा, म्हणजे आमचे बाबा, नुकतेच गेले होते.

बाबांचं काम तू पाहिलं नाहीस, लोकांच्या तोंडून ऐकलंस फक्त. ठोकळा तुतीचाच, पटाश्या याच, कातडं त्याच बाजारातून आणलेलं, आतड्याच्या ताती त्याच. पण बाबांच्या वाद्याला जो आवाज यायचा, तो दुसऱ्या कुणाच्या वाद्याला येत नसे. वाद्याचं पोट आतून शेवटचं खरवडताना ते काहीतरी करायचे. कुठे पातळ करायचं, कुठे हात राखायचा, ते त्यांनाच ठाऊक. आम्ही त्याला 'आवाज देणं' म्हणायचो. आवाज देताना बाबा दार लावून घ्यायचे. डावखुरे होते ते. पटाशी डाव्या मुठीत, अंगठा खाली मुडपलेला, आणि करंगळी मात्र वर ताठ, कान टवकारून बसल्यासारखी. दाराच्या फटीतून मी एवढंच पाहिलेलं.

दादा, म्हणजे तुझा बाप, त्यांच्या शेजारी बसून सगळं शिकला. खोड फोडायला, ठोकळा तासायला, खुंट्या घासायला, कातडं भिजवून ताणायला. राहिलं ते आवाज देणं. त्याने विचारलं की बाबा म्हणायचे, "शिकवून येत नाही ते. मी गेलो की येईल तुला."

मला तर ते उंबऱ्यातच अडवायचे. "चिमटे, पोरीचं काम नाही हे." झालं. वादच नाही. मग मी दोन गल्ल्या पलीकडे पुस्तकबांधणीच्या दुकानात कामाला लागले. तिथेही सरस, तिथेही कातडं, तिथेही सुरी. बाबांच्या नाकावर टिच्चून करायला तेवढं पुरे होतं.

बाबा गेले आणि दादा एकटा या बाकावर बसू लागला. पहिली वाद्यं गेली आणि परत आली. आवाज बसका, म्हणायचे लोक. एक म्हातारा वादक होता, बाबांच्या हातचंच वाजवत ज्याचे केस पिकले, तो दादाचं वाद्य मांडीवर घेऊन बसला आणि म्हणाला, "दिसायला छान झालंय रे बाळा." वाद्य करणाऱ्याला याहून मोठी शिवी नाही. दादा त्या दिवशी जेवला नाही.

असे काही महिने गेले. मग एकदा मी संध्याकाळी बांधणीच्या दुकानातून घरी चालले होते, आणि या गल्लीच्या तोंडाशी माझे पाय थांबले. आतून बाबांचा आवाज येत होता. बोलण्याचा नाही. वाद्याचा. समोरचा कुलूपवाला हातातली कानस तशीच धरून ऐकत उभा होता. मी आत डोकावले तर तो म्हातारा वादक वाजवत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "कोण म्हणतं म्हातारा गेला?" तो मला म्हणाला. "इथेच तर आहे. बापाचा हात उतरलाय पोरात."

दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली तेच म्हणायला लागली. बापाचा हात उतरला. दुरून लोक यायला लागले. तुझी आई तर हवेत चालत होती. दादा मात्र हसला नाही. लोक कौतुक करायचे तेव्हा तो डावा हात मांडीखाली दाबून बसायचा. मला वाटलं, थंडी वाजत असेल.

थंडी होतीही. त्या वर्षी धुकं असं पडायचं की दुपारीसुद्धा समोरचं घर पुसल्यासारखं दिसायचं. अशाच एका दुपारी तुझी आई म्हणाली, "ह्यांचा डबा राहिला बघा. जाता जाता टाकता का?" जेवून परत कामाला जायची माझी वाट इथूनच होती. मी डबा घेऊन आले.

दार नुसतं लोटलेलं होतं. ढकललं तर ओल्या कातड्याचा वास नाकात शिरला, तापलेल्या सरसाचा वास शिरला. आणि खरवडण्याचा आवाज. खर्र... खर्र... खर्र... संथ, एकसारखा. तू कुणालाही काम करताना ऐक, मध्ये तो श्वास घेतो, खाकरतो, ढलपी फुंकतो. इथे तसलं काही नव्हतं. नुसतं खर्र... खर्र...

दादा खिडकीपाशी बसला होता. मांडीवर पोट कोरलेला ठोकळा, आणि पटाशी डाव्या हातात. अंगठा मुडपलेला. करंगळी वर.

तुझा बाप उजवा आहे, पोरी. जन्मापासून उजवा. डाव्या हाताने त्याला कधी धड बटण लावता आलं नाही.

आणि त्याची मान भिंतीकडे वळलेली होती. तो कामाकडे बघतच नव्हता. कुणी न बघता आवाज देतं का? उजव्या हाताने त्याने बाकाचा पाय धरून ठेवला होता, पुराच्या पाण्यात माणूस झाड धरतो तसा. नखं निळी पडली होती.

"दादा..." मी म्हणाले.

"डबा ठेव आणि जा." आवाज अगदी बारीक, कुणी झोपलेलं उठू नये असा.

"डाव्याने काय करतोयस?"

"मी नाही करत."

"मग थांब ना."

तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं. डोळे असे, की कित्येक रात्री पाठ टेकली नसावी. "काम संपल्याशिवाय तो थांबत नाही, चिमटे," तो म्हणाला. "तुला काय, बाबा माहीत नाहीत?"

हात चालूच होता. आम्ही बोलत होतो आणि आमच्या दोघांच्या मध्ये तो आपला शहाण्यासारखा काम करत होता. पातळ भुसा दादाच्या गुडघ्यावर पडत होता. मी डबा ठेवला आणि बाहेर आले. आणि तुला खरं सांगते, चालत नाही, पळत आले.

त्यानंतर घरीही दिसायला लागलं. जेवताना तो हात पेराने ताटाच्या कडेवर ठोकायचा. टक. दादाचं डोकं आपोआप झुकायचं, कान ताटाकडे जायचा. मग पेल्यावर टक. मेजावर टक. बाबा लाकूड निवडायचे ते असंच. ठोकळ्याच्या पाठीवर वरून खाली पेर वाजवत जायचे आणि ऐकायचे, आतून सुकलंय की ओलं आहे. तुझी आई हसायची. म्हणायची, "कामाचं वेड लागलंय ह्यांना." त्या दुपारचं मी तिला सांगितलं नाही. तिच्या तोंडचं हसू माझ्या हाताने कशाला काढू?

ते आपोआपच गेलं. एका सकाळी वहिनी, तुझी आई, बांधणीच्या दुकानात आली. ती तिथे कधी येत नसे. मालकाने तिचा चेहरा पाहिला आणि न विचारता तो मागच्या खोलीत निघून गेला. ती बसली नाही. उभ्याउभ्याच सांगितलं तिने, अगदी हळू.

आदल्या रात्री तिला जाग आली तर दादा अंथरुणात नव्हता. तो तुझ्याजवळ बसला होता. त्याने तुला कुशीवर वळवलं होतं. आणि तो हात तुझ्या पाठीवर ठोकत होता. मणक्यावरून, वरून खाली. टक. टक. टक. दर वेळी दादाचा कान तुझ्या पाठीला टेकायचा. तू गाढ झोपेत. मग तो सरळ बसला आणि म्हणाला, "अजून ओलं आहे. सुकू द्यावं लागेल."

"सकाळी विचारलं," वहिनी म्हणाली, "तर ह्यांना काही आठवत नाही. मी सांगितलं तशी... रडायला लागले."

मग तिने पदराची गाठ सोडली आणि एक वस्तू माझ्यासमोर ठेवली. पटाशीची मूठ. नवी, घासून लोण्यासारखी केलेली, एवढीशी. मोठ्या माणसाच्या मुठीत ती हरवली असती. अंगठ्याची खाच डाव्या बाजूला होती.

"पोरीच्या उशीखाली सापडली. मी... बघावं म्हणून तिच्या हातात दिली." तू सगळं उजव्या हाताने करायचीस, खडूसुद्धा. "तिने डाव्या हातात घेतली. बरोब्बर बसली, वन्सं. आणि तिची करंगळी वर गेली."

मी ती मूठ खिशात टाकली आणि वहिनीला म्हटलं, आत्ता घरी जा, पोरीला घे, आणि थेट माहेरी जा. मी बोलवेपर्यंत येऊ नकोस. ती गेली. मी मात्र कारखान्यात नाही गेले. आधी बाबांच्या थोरल्या बहिणीकडे गेले.

ती बेकरीच्या वरच्या खोलीत राहायची. कानाने कमी, पण आठवण कोयत्यासारखी धारदार. मी तिच्या कानाशी ओरडून विचारलं, बाबा लहानपणापासून डावखुरे होते का?

"कोण डावखुरा? तुझा बाप?" ती म्हणाली. "छे. उजव्या हाताने माझ्या वेण्या ओढायचा मेला. आमचे वडील गेले त्या वर्षी त्याचा हात बदलला. तोवर त्याच्या कामाला कुणी विचारत नव्हतं. मग सगळे म्हणाले, बापाचा हात उतरला."

"म्हणजे आजोबा डावखुरे होते."

"झाले होते. त्यांचा बाप गेल्यावर." ती हे असं म्हणाली, जसं कुणी म्हणेल की आमच्याकडे सगळ्यांना लवकर चष्मा लागतो.

"मग आत्या... तो हात मुळात कुणाचा?"

"ते कुणी विचारलं नाही, बाळा," ती म्हणाली. "आवाज चांगला येत होता ना."

तिथेच माझ्या डोक्यात तिडीक गेली. भीती नव्हती असं समजू नकोस. पण पिढ्यान् पिढ्या एका घरातली पोरं कुणीतरी ठोकून निवडतंय, सुकायला ठेवतंय, वापरतंय आणि टाकून देतंय, आणि गल्ली टाळ्या वाजवतेय. आवाज चांगला येतो म्हणून. दादाने शिकलेलं सगळं काय मग? त्या खुंट्या, ते ताणणं, उन्हाळे-हिवाळे इथे घालवलेले? ते कुणाच्या खाती गेलं? मी जिना उतरले ती सरळ इकडे आले.

दिवस मावळायला अजून अवकाश होता, पण धुक्यामुळे खिडकीतून उजेड दुधासारखा येत होता. खर्र... खर्र... दादा तसाच बसलेला. मान भिंतीकडे, उजवा हात बाकाच्या पायाला. मी समोर बसले. इथेच, आत्ता तू बसलीस तिथे. आयुष्यात पहिल्यांदा मी या बाकाला गुडघे टेकवून बसले. खिशातली मूठ काढून बाकावर ठेवली.

"बाबा असाल तर ऐका," मी म्हणाले. "नसाल तरी ऐका. ती पोर लाकूड नाही."

खरवडणं थांबलं.

तोवर मला वाटत होतं की तो आवाज भयंकर आहे. तो थांबल्यावर कळलं, भयंकर काय असतं ते. शेगडीतला निखारा तडकला तेवढंच. मग त्या हाताने पटाशी खाली ठेवली, नीट, धार वर येणार नाही अशी. आणि तो बाकावरून पुढे यायला लागला. बोटांवर. चाचपडत. दादाचा खांदा त्याच्यामागे ओढला जात होता, दादा दात आवळून मागे रेटत होता, आणि हात मुठीकडे येत होता.

मी मूठ उचलली आणि शेगडीत टाकली. लाकूड जळताना वास येतो तसा नाही आला. केस जळल्यासारखा आला.

त्या हाताने माझं मनगट धरलं.

दुखवलं नाही त्याने मला. आदळलं नाही, पिरगळलं नाही. तळवा ऊबदार होता, कोरडा. त्याला घट्टे होते, दादाच्या हाताला कधी नव्हते अशा जागी. त्याने माझा डावा हात ओढून घेतला, पटाशी माझ्या मुठीत दिली, माझी बोटं एकेक करून मिटवली. माझा अंगठा मुडपला. ठोकळा माझ्यापुढे सरकवला. आणि माझ्या हाताने काम सुरू केलं.

पोरी, हे मी तुझ्या बापालाही सांगितलं नाही. मला ते आवडलं.

किती सोपं होतं ते. पटाशी लाकडात नव्हे, सायीत फिरत होती. कुठे थांबायचं ते मला कळत होतं. लाकूडच सांगत होतं, इथे थोडं, इथे नको, आता जरा तिरकं. जन्मभर दाराच्या फटीतून बघितलेलं सगळं माझ्या मुठीत आलं होतं. पोरीचं काम नाही म्हणणारा हात मला काम देत होता. फुकट. न शिकता. मला वाटलं, घेऊ दे मला. दादा सुटेल, पोर सुटेल, मला कोण रडायचंय? आणि वाटलं, वाजवून पाहतील तेव्हा तो म्हातारा रडेल. माझ्यासाठी.

तेव्हा मला माझी करंगळी दिसली. वर गेलेली.

माझ्यासाठी नसता रडला तो. माझं नावही कुणी घेतलं नसतं.

"नको," मी म्हणाले. जीभ जड झाली होती. "मला तुमचं नको. मला माझं येत नाही, तरी माझंच हवं." आणि मी पटाशी तिरकी ओढली. लाकडावर ओरखडा उठला. हाताने माझं मनगट फिरवून ती पुन्हा वाटेवर आणली. मी पुन्हा ओढली. त्याने पुन्हा आणली, समंजसपणे, मूल चुकल्यावर आणतात तशी. त्या समजूतदारपणाची मला जास्त चीड आली. "चुकू दे," मी म्हणत राहिले. "सोड. चुकू दे मला... चुकू दे..."

तो सोडेना. त्याची ताकद दादाची नव्हती, बाबांचीही नव्हती. एवढ्या सगळ्या माणसांची मिळून होती. मी एकटी कुठे पुरणार?

"दादा," मी म्हणाले, "तुझा हात कुठाय?"

"हा... धरलाय."

"सोड तो पाय."

"सोडला तर जाईन मी, चिमटे."

"नाही जाणार. मी आहे ना इथे."

माझा उजवा हात मोकळा होता. मी बाकाखाली घालून त्याची बोटं उलगडली. आखडून लाकूड झाली होती ती. एकेक बोट सोडवलं आणि बाकावरची दुसरी पटाशी, ती रुंद गोल तोंडाची, त्याच्या उजव्या हातात दिली. किती दिवसांत त्याने त्या हाताने काही केलं नव्हतं.

"काय करू?" त्याने विचारलं. बाबांना विचारायचा तशा स्वरात.

"चूक कर," मी म्हणाले. "मोठी."

मग त्याने पटाशी पोटाच्या तळाशी टेकवली, जिथे लाकूड सगळ्यात पातळ झालं होतं, जिथे तो आवाज राहतो, आणि अंगाचा सगळा भार घातला. डावा हात माझं मनगट सोडून तिकडे झेपावला, पण मी तो दोन्ही हातांनी धरून छातीशी आवळला. मासोळीसारखा उसळत होता. लाकूड करकरलं, आणि पटाशी आरपार गेली. भोकातून खिडकीचा उजेड दादाच्या गुडघ्यावर पडला, नाण्याएवढा. दादाने ती बाहेर काढली आणि पुन्हा घातली. पुन्हा काढली, पुन्हा घातली. घामाने निथळत, रडत, आणि पोरी, मधूनमधून हसत. एवढं वाईट काम त्याने जन्मात केलं नव्हतं. वाद्याची पार चाळण करून टाकली.

माझ्या छातीशी तो हात हळूहळू शांत झाला. माझ्या बोटांतून त्याची बोटं सुटत गेली. करंगळी सगळ्यात शेवटी. मग नुसतं वजन उरलं.

तेव्हापासून तो असा आहे, तू बघतेस तसा, गळ्यातल्या झोळीत. डॉक्टर म्हणाले, नस गेली. दादा म्हणाला, "जाऊ दे."

पुढचं तुला अर्धं माहीत आहे. मी बांधणीचं दुकान सोडलं आणि इथे येऊन बसले. त्याचा उजवा हात आणि माझे दोन, मिळून तीन. पहिलं वाद्य झालं त्याचा आवाज कोंबडीवर कुणी बसल्यासारखा होता. म्हातारा वादक आला, त्याने एकदा तात छेडली आणि आमच्याकडे असं पाहिलं की जणू आम्हीच बाबांना मारलं. "हे काय आहे?" म्हणाला.

"हा माझा आवाज आहे," दादा म्हणाला. "आणि हिचा. नसेल आवडला तर ठेवून जा."

ठेवून गेला. बाकीचेही गेले. गल्ली म्हणाली, बापाचा हात घालवला करंट्यांनी. आम्ही पुन्हा केलं. पुन्हा बिघडलं. का बिघडलं ते बघितलं, एकमेकांवर ओरडलो, पुन्हा केलं. आज जो आवाज येतो तो बाबांसारखा नाही. जरा घोगरा आहे, पहाटे उठून पहिलं वाक्य बोलणाऱ्या माणसासारखा. तोच हवा म्हणून आता लोक येतात. कमी येतात, पण आमच्याकडे येतात.

म्हणून तुला सांगते. बसायचंय तर बस. पोरीचं काम नाही असं इथे कुणी म्हणणार नाही. पण या घरात आता कुणाचा हात उतरत नाही. इथे हात शिकावा लागतो. तुझ्या बापाला जे येतं ते तो तोंडाने सांगेल, उघड्या दारात सांगेल, तू हजारदा विचारलंस तर हजारदा सांगेल. आणि तू चुकशील. कधी न चुकता काहीतरी सुंदर तुझ्या हातून झालं, तुझं तुलाच कळलं नाही कसं झालं, तर ते मला लगेच आणून दाखव. लपवू नकोस. मी पटाशी घेऊन येते.

घाबरलीस? घाबर. घाबरून बस, पण बस. त्या हाताला भिऊन आपण हे काम सोडलं, तर तोच जिंकला की.

आता एकच राहिलं. तू इथे राहणार म्हणजे कधीतरी तुझ्या बापाचा तो हात तुला धुवावा लागेल. सुरुवातीला तुझी आई धुवायची. एकदा तिने मला बोलावून दाखवलं, मग मीच ते काम माझ्याकडे घेतलं. एवढी वर्षं तो झोळीत पडून आहे, नुसता उचलायचा म्हटला तरी आपल्याला उचलावा लागतो. अशा हाताचा तळवा लहान मुलासारखा मऊ व्हायला हवा. त्याला घट्टे आहेत. ताजे. आणि नखांखाली भुसा असतो. काडीने काढावा लागतो. काढला तरी काही दिवसांनी पुन्हा असतोच.

आपल्या कारखान्यात तुतीशिवाय लाकूड येत नाही, आणि तुतीचा भुसा पिवळा असतो. हा नखांखालचा तांबडा असतो, कुठल्यातरी दुसऱ्याच लाकडाचा. पिठासारखा बारीक, पोट आतून शेवटचं खरवडताना निघतो तसा.